गडावर झोपायची मॅट: कातळावर, दवात आणि बर्फावर वापरून झाल्यावर

मी उजव्या कुशीवर झोपते. लहानपणापासूनची सवय आहे, आता सुटणार नाही. हे आधी सांगायचं कारण, कुठली मॅट घेऊ असं कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो: तुम्ही झोपता कसे? उताणं झोपणाऱ्याचं वजन पाठभर पसरतं. त्याला कातळावर सतरंजी टाकून दिली तरी पहाटेपर्यंत गाढ झोप लागते. कुशीवर झोपणाऱ्याचा सगळा भार खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी येतो. मॅट पातळ असली की रात्री दीडच्या सुमाराला खुबा जागं करतो. मग कूस बदलायची, मग दुसरा खुबा, आणि असं उजाडेपर्यंत.

नाशिकला माझं शिवणकामाचं दुकान आहे. शाळांचे गणवेश हा मुख्य धंदा. गेल्या सात-आठ वर्षांत ट्रेकवाल्यांची कामंही येऊ लागलीत: सॅकचे उसवलेले पट्टे, तुटलेली बक्कलं, टेंटच्या पिशव्या. वय ४९. दिवसाचे आठ-नऊ तास मशीनवर बसून कंबर आखडते, तरी महिन्या-दीड महिन्याला एक मुक्कामी ट्रेक केल्याशिवाय मला चैन पडत नाही. २०२१ पासून मी स्वतःच्या पैशानं दोन मॅट घेतल्या, एक भाच्यानं आणून दिली आणि एक बहिणीची उसनी वापरली. प्रत्येकीवर निदान पाच-सहा रात्री काढल्याशिवाय मत बनवलं नाही. एका रात्रीवरून मत देऊच नये. पहिल्या रात्री माणूस इतका दमलेला असतो की उंबऱ्यावर डोकं टेकलं तरी झोप लागते.

पहिली मॅट बहुतेकांची असते तीच: फोमची गुंडाळी, १० मिलिमीटर जाड, एक बाजू काळी, एक करडी. साडेपाचशे रुपये. काट्यावर २९० ग्रॅम भरली. या फोममधला हवेचा प्रत्येक बुडबुडा बंद असतो, त्यामुळे तो स्पंजसारखा पाणी पीत नाही. भर पावसात सॅकला बाहेर बांधून नेली आणि वर पोचल्यावर पंच्यानं पुसली की कोरडी. काटा घुसला तरी काही बिघडत नाही. जेवताना तिच्यावर चौघं ओळीनं बसतात. एकदा आमच्यातल्या एका मुलीचा पाय मुरगळला, तेव्हा हीच मॅट घोट्याभोवती गुंडाळून, ओढणीनं बांधून तिला खाली उतरवलं. इतकी कामाची वस्तू दुसरी नाही.

पण झोप? त्या मॅटवर मी डिसेंबरात हरिश्चंद्रगडाला गेले. पाचनईतून चढलो, कोकणकड्यावर सूर्यास्त बघितला आणि देवळाजवळच्या कोरीव गुहेत मुक्काम केला. गुहेची जमीन डोळ्यांना सपाट दिसते. अंगाखाली आली की तिच्यावरचा छिन्नीचा एकेक टवका मोजता येतो. तो काळा कातळ दिवसभर सावलीत असतो आणि रात्रभर अंगातली ऊब ओढत राहतो. त्या रात्री मला दोन वेगवेगळे त्रास झाले, आणि ते वेगवेगळे आहेत हे कळायला पुढची दोन वर्षं गेली. खुबा दुखत होता, आणि खालची बाजू गार पडत होती. एक प्रश्न टणकपणाचा, दुसरा थंडीचा. मॅट घेताना आपण जाडी बघतो आणि दोन्ही प्रश्न सुटले असं समजतो. फसगत होते ती इथेच.

वर्षभरानं ती मॅट मी दुकानात कापायच्या टेबलावर पसरली आणि कडेला पट्टी लावली. डोक्याकडे ९ मिलिमीटर, खुब्याच्या जागी जेमतेम ५. फोमवर माझ्या अंगाचा ठसाच उठला होता. बंद बुडबुड्यांचा फोम चेपत चेपत जातो आणि एकदा चेपला की पुन्हा तेवढा वर येत नाही. बाहेर बांधल्यामुळे कारवीनं कडाही कुरतडल्या होत्या. तरीही विशी-पंचविशीतल्या मुलामुलींना, ज्यांना पहिले चार ट्रेक करून बघायचेत त्यांना, मी आजही हीच घ्या म्हणते. उरलेल्या पैशांतून चांगले बूट घ्या.

आमच्या गटात एक काका आहेत, वय ६८. ते मॅट आणतच नाहीत. त्यांच्याकडे जुनी काळी घोंगडी आहे, ती दुहेरी घालून वर पडतात. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं, कारण पाचनईला ज्या घरी आम्ही उतरतो तिथल्या मावशींनी एकदा पडवीत भाताचा पेंढा पसरून वर सतरंजी टाकली होती, आणि गेल्या कित्येक वर्षांत घराबाहेर मला तशी झोप लागलेली नाही. पेंढ्याच्या पोकळ काड्यांमध्ये हवा अडकून राहते. ती हलत नाही, म्हणून ऊब टिकते, आणि काड्या दबतात म्हणून खुब्यापुरता खळगा होतो. चांगल्या मॅटनं नेमकं एवढंच करायचं असतं: हवा अडवून धरायची आणि खुब्याला जागा द्यायची. फक्त पेंढा आणि तीन किलोची घोंगडी पाठीवर घेऊन अलंग गडाची चढाई होत नाही, म्हणून पुढची सगळी खटपट.

दुसरी मॅट हवेची घेतली. ६ सेंटीमीटर जाड, ५२० ग्रॅम, घडी केली की लिटरच्या बाटलीएवढी. साडेचार हजार रुपये, म्हणजे माझ्या हिशेबात तीस गणवेशांची शिलाई. म्हणून दुकानात नीट बघून घेतली. दुकानदाराला म्हटलं, फुगवून द्या, मी झोपून बघणार. त्यांनी जरा इकडेतिकडे पाहिलं, मग म्हणाले, "झोपा ताई, त्यात काय." टाइल्सवर पसरून मी उजव्या कुशीवर दहा मिनिटं पडले, चहा येईपर्यंत. एक गोष्ट करून बघा: कुशीवर पडलेलं असताना आपला तळहात मॅटच्या खाली, खुब्याच्या बरोबर खाली सरकवा. तळहाताला वरून हाडाचा दाब कळला तर गडावर कातळही तसाच कळणार. काही कळलं नाही तर मॅट तुमच्या वजनाला पुरते. उताणं झोपून ही परीक्षा करू नका, त्यात प्रत्येक मॅट पास होते.

पहिला मुक्काम साल्हेरला केला. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, १५६७ मीटर, आणि वर गंगासागर तलावाजवळच्या गुहा. फेब्रुवारी होता. रात्री साडेनऊला पडले ते पावणेसहाला बाहेर कुणीतरी भांडी वाजवली तेव्हाच उठले. खुबा नाही, खांदा नाही, काही दुखलं नाही. त्या दिवशी परशुरामाच्या देवळापर्यंतची शेवटची चढण मी कितीतरी दिवसांनी न थांबता चढले. चांगली झोप दुसऱ्या दिवशी पायांत उतरते, हे ज्यांनी सलग दोन दिवसांचे ट्रेक केलेत त्यांना सांगायला नको.

हवेची मॅट वापरायची एक रीत आहे आणि ती पेटीवरच्या चित्रात नसते. आपण ती डफासारखी ताठ फुगवतो. मग अंग तिच्यावरून घरंगळतं, आणि खुबा आत जाण्याऐवजी मॅटच त्याला वर ढकलते. पूर्ण फुगवा, वर कुशीवर पडा, आणि व्हॉल्व्ह बोटानं जरासा दाबून हवा सोडत राहा. खुबा हळूहळू खाली बसतो. जमिनीला टेकायच्या दोन बोटं आधी थांबा. हेही लक्षात घ्या की हवा थंडीनं आकसते. संध्याकाळी ३० अंशांत फुगवलेली मॅट रात्री ८ अंशांत सुमारे सात टक्क्यांनी मऊ पडते. पहाटे ढिली वाटली की लोकांना पंक्चरचा संशय येतो. आधी दोन फुंकरा भरून बघा.

आणि फुंकरांबद्दल: शक्यतो तोंडानं फुगवू नका. श्वासातली वाफ आत राहते, तिथे बुरशी धरते, आणि कडक थंडीत तीच आत गोठते. आता बऱ्याच मॅटबरोबर एक हलकी पिशवी येते. तिच्यात हवा कोंडायची आणि तोंड वळवून ती मॅटमध्ये ढकलायची. माझ्या मॅटबरोबर ती नव्हती, मी उरलेल्या टेंटच्या कापडाची शिवली. सात-आठ वेळा भरली की मॅट फुगते, चक्करही येत नाही.

पंक्चर तिसऱ्याच ट्रेकला झालं. रतनगडाच्या माथ्यावर टेंट लावला होता. खालची जागा झाडून घेतली होती, पण हातानं चाचपून पाहिली नव्हती. करवंदीचा एक सुकलेला काटा टेंटच्या तळातून वर आला. अकराच्या सुमाराला खुबा जमिनीला टेकला. पुन्हा फुगवली, पाऊण तासानं पुन्हा टेकला. रात्रभर असं चाललं. शेवटी पायाखालची सॅक कंबरेखाली घेऊन मी बसल्या बसल्या पहाट केली.

घरी आल्यावर छिद्र शोधायला बसले. मॅट ताठ फुगवून, बादलीत साबणाचं पाणी करून, ते मऊ फडक्यानं एकेका कप्प्यावर चोळत गेले. मशीनवरचा दिवा जवळ ओढून घेतला होता. पहिल्या चार कप्प्यांवर काहीच नाही. पाचव्यावर, काठापासून चार बोटं आत, मोहरीएवढा एक बुडबुडा आला, मोठा झाला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा उगवला. छिद्र उघड्या डोळ्यांना दिसत नव्हतं. नंबर ९ च्या सुईनं पडतं त्याहूनही बारीक. त्याच्याभोवती पेननं गोल केला, कापड वाळू दिलं, स्पिरिटनं पुसून तेलकटपणा काढला, ठिगळ लावलं आणि वर कापडांचा गठ्ठा ठेवून रात्रभर तसंच राहू दिलं. ते ठिगळ आजही टिकून आहे. पण ठिगळ आणि गोंद मला बाहेरून विकत आणावा लागला. पेटीवर त्यांचं चित्र होतं, आत काहीच नव्हतं. विकणाऱ्याकडे गेले तर कंपनीला कळवा म्हणाले, कंपनीला दोनदा कळवलं, उत्तर आलं नाही. साडेचार हजारांच्या वस्तूत वीस रुपयांचं ठिगळ नसावं याचं मला अजूनही वाईट वाटतं. तुम्ही घ्याल तेव्हा पेटी दुकानातच उघडा.

कापडाबद्दल माझ्या धंद्यामुळे दोन शब्द जास्त सांगते. मॅटवर २०डी, ३०डी, ७०डी असं लिहिलेलं असतं. हा डेनियर. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये जे वजन, तो आकडा. २० डेनियरचं कापड म्हणजे उत्तम साडीच्या पदरासारखं झिरझिरीत: हलकं, मुलायम आणि काट्यापुढे लाचार. सह्याद्रीत करवंद, बोर, बाभूळ आणि धारदार मुरूम आहे. इथे शंभर-दीडशे ग्रॅम जास्त गेले तरी चालतील, पण तळाचं कापड जाड घ्या. दुसरं म्हणजे या मॅटचे कप्पे शिवलेले नसतात. टाका घातला की छिद्र पडतं, म्हणून आतले पडदे उष्णतेनं चिकटवलेले असतात. आणि जे उष्णतेनं चिकटतं ते उष्णतेनं सुटतंही. आमच्यातल्या एकानं फुगवलेली मॅट मे महिन्यात गाडीच्या मागच्या काचेखाली दोन तास ठेवली. आतला एक पडदा सुटला आणि मधोमध पपईएवढा फुगवटा आला. त्याला ठिगळ नाही, ती मॅट गेली. वाळवायची तर हवा काढून, आणि तीही सावलीत.

इथपर्यंत माझी खात्री होती की जाड मॅट घेतली की प्रश्न मिटला. मग जानेवारीत उत्तराखंडातला केदारकंठा केला. सांक्रीतून वर गेलो, जुडा का तालाबजवळ बर्फावर टेंट. आयोजकांनी दिलेली फोमची पातळ मॅट मी टेंटमधल्या कोल्हापूरच्या मुलीला दिली, कारण माझ्याकडे माझी सहा सेंटीमीटरची होती ना. स्लीपिंग बॅग चांगली होती, कानटोपी, दोन पायमोजे, सगळं होतं. रात्री साडेबाराला जाग आली ती पाठीतून. वरून गरम, खालून ओल्या फरशीवर झोपल्यासारखं गार. खुबा अजिबात दुखत नव्हता! मऊ होतं, जाड होतं, आणि तरीही हाडांत थंडी शिरत होती. त्या मुलीला उठवलं. तिच्याकडे दोन फोम झाले होते, त्यातला एक काढून माझ्या मॅटखाली सरकवला. पंधरा-वीस मिनिटांत फरक कळला. दहा मिलिमीटरच्या त्या चेपलेल्या तुकड्यानं जे केलं ते सहा सेंटीमीटर हवेला जमलं नव्हतं.

कारण सोपं आहे, फक्त मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मोठ्या कप्प्यातली हवा मोकळी असते. अंगाखाली तापते, बाजूला सरकते, थंड होऊन परत येते. आपण कूस बदललो की सगळी घुसळते. पेंढ्यात आणि फोममध्ये हवा लहान लहान घरांत कोंडलेली असते, म्हणून ती ऊब सोडत नाही. हवेची मॅट उबदार करायची तर आत चकाकणारे पडदे, बारीक कप्पे किंवा कापसासारखं भरण घालावं लागतं, आणि तिथेच किंमत वाढते. वरची स्लीपिंग बॅग इथे मदतीला येत नाही. तिचा खालचा भाग आपल्याच वजनानं चेपलेला असतो, आणि चेपलेलं भरण म्हणजे नुसतं कापड. उलट स्लीपिंग बॅगवर जे अंशांचे आकडे छापलेले असतात ते खाली चांगली मॅट आहे असं धरून मोजलेले असतात. मॅट कमी उबदार घेतली की बॅगवरचा आकडा खोटा पडतो.

ही ऊब अडवायची ताकद आर-व्हॅल्यू या आकड्यानं सांगतात. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं मोजायची, त्यामुळे तुलना करता येत नव्हती. २०१८ मध्ये एएसटीएम एफ ३३४० हे सामाईक मानक आलं. त्यात मॅट एका गरम आणि एका थंड पाट्यामध्ये ठेवून, वरचा पाटा गरम राखायला किती ऊर्जा लागते ते मोजतात. आकडा जितका मोठा तितकी मॅट उबदार. आणि यातली सगळ्यात कामाची गोष्ट: दोन मॅट एकावर एक ठेवल्या की त्यांच्या आरची सरळ बेरीज होते. माझ्या हवेच्या मॅटवर हा आकडा छापलेलाच नव्हता. आता मी ज्या मॅटवर आर-व्हॅल्यू लिहिलेली नाही तिच्याकडे बघतही नाही. आपल्या डोंगरांत हिवाळ्यात दीड-दोन पुरतो. बर्फावर झोपायचं तर चारच्या वर हवा, आणि ज्यांना मुळात थंडी जास्त वाजते त्यांनी पाच धरावा. बायकांना साधारणपणे झोपेत थंडी जास्त जाणवते. स्लीपिंग बॅगच्या मानकातसुद्धा बायकांचा आणि पुरुषांचा आकडा वेगळा धरतात. गटातल्या पुरुषांना पुरतं म्हणून आपल्याला पुरेल असं समजू नका.

माझा भाचा सिअ‍ॅटलला असतो. केदारकंठाची हकिकत ऐकून त्यानं पुढच्या खेपेला थर्मारेस्टची झी लाइट सोल आणली. ही कंपनी त्याच गावची. बोइंगमधल्या इंजिनीअरांनी १९७२ मध्ये तिथे सुरू केलेली, आणि आपोआप फुगणारी मॅट ही त्यांचीच कल्पना. झी लाइट मात्र साधा फोम आहे: १८३ बाय ५१ सेंटीमीटर, २ सेंटीमीटर जाड, ४१० ग्रॅम, आर २. फोम अंड्यांच्या ट्रेसारखा खळग्याखळग्यांचा आणि एका अंगाला चंदेरी मुलामा. ती गुंडाळायची नाही, पंख्यासारखी घडी करायची. खळग्यात उंचवटे बसतात आणि लांबट ठोकळा होतो. बसस्टॉपवर काढून बसता येते, चढणीवर दमलं की एका झटक्यात उघडते. पसरायला दोन सेकंद. चंदेरी बाजू वर ठेवायची, अंगाकडे.

एकटी झी लाइट माझ्या खुब्याला पुरत नाही. तळहाताच्या परीक्षेत ती उताण्याला पास, कुशीला नापास. पण ती खाली आणि हवेची वर, ही जोडी मला लागू पडली. खालचा फोम काटे अडवतो, थंडी अडवतो, आणि हवेच्या मॅटनं रात्रीत दगा दिला तरी अंग थेट जमिनीवर येत नाही. एप्रिलमध्ये हिमालयातल्या कुआरी पासच्या वाटेवर तीन रात्री अशा काढल्या. एका रात्री टेंटच्या कडेला पाणी गोठलं होतं, पाठ गार पडली नाही. दोन्हींचं मिळून वजन साडेनऊशे ग्रॅमच्या आत. भाच्याकडे त्याच कंपनीची निओएअर एक्सलाइटही आहे: ३७० ग्रॅम, साडेसात सेंटीमीटर जाड आणि आर ४.५, म्हणजे एकीतच सगळं. हातात घेतली तर ओढणीएवढी हलकी. दर दोन-तीन महिन्यांनी हिमालयात जाणाऱ्यानं तिचा विचार जरूर करावा. मी वर्षातून दहा वेळा करवंदीत आणि एकदा बर्फात झोपते, मला जोडीच बरी.

आपोआप फुगणाऱ्या मॅटबद्दल थोडक्यात. बहिणीची तीन सेंटीमीटरची आहे. आत स्पंज असतो, झाकण उघडलं की तो स्वतः हवा ओढून घेतो. अंगाला फार छान लागते, घरच्या गादीसारखी. पण ९०० ग्रॅम आणि घडी केली तरी उशीएवढी. काजवे बघायला आम्ही भंडारदऱ्याला गाडीनं जातो तेव्हा तिच्यासारखी दुसरी नाही. पाठीवर घेऊन नाणेघाट चढायला नको. घरी ठेवताना झाकण उघडं ठेवून पलंगाखाली आडवी पसरून ठेवा, गुंडाळून ठेवली तर स्पंज चेपून राहतो आणि पुढे फुगायचं विसरतो.

मापाचं एक सांगायचं राहिलं. ५१ सेंटीमीटर रुंदी कागदावर पुरेशी वाटते. कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपणाऱ्याचे गुडघे बाहेर जातात, आणि रुंद खांद्याच्या माणसाचं कोपर जमिनीवर पडतं. अशांनी ६४ सेंटीमीटरची रुंद मॅट बघावी. लांबी मात्र उगाच घेऊ नका. मी पाच फूट दोन इंच आहे. पाय टेकायला रिकामी सॅक पुरते.

मॅटवर झोपताना घसरायला होतं आणि उन्हाळ्यात ते कापड घामानं अंगाला चिकटतं. त्यावर मी खोळ शिवली, आईच्या एका जुन्या सुती साडीची. गटातल्या सगळ्यांनी ती मागितली, म्हणून माप देऊन ठेवते. मॅट पूर्ण फुगवा आणि टेपनं मधोमध घेर घ्या. ५१ रुंद आणि ६ जाड असेल तर घेर ११४ सेंटीमीटर येतो. साडीचा पन्हा साधारण ११८ असतो, म्हणजे साडी पन्ह्यावर दुमडली की एकाच बाजूला शिवण येते आणि तिथे दोन्ही काठ जुळतात. शिवणीत दीड-दीड सेंटीमीटर द्या, त्याहून जास्त नको, नाहीतर खोळ घट्ट होईल. लांबी १९५ कापा. तळाकडची बाजू शिवून बंद, व्हॉल्व्हच्या जागी काजं करतो तशी कड बांधलेली फट, आणि दुसऱ्या तोंडाला नेफा करून त्यात नाडी. झिप लावू नका, तिचे दात मॅटला घासतात. शिवणीला खालच्या अंगानं चार ठिकाणी हातभर लांबीच्या पट्ट्या अडकवून घ्या, त्या खालच्या फोमला बांधल्या की दोन्ही मॅट रात्रभर एकमेकींवरून सरकत नाहीत. एका साडीत दोन खोळी होतात. दुसरी मी काकांना दिली. ते तिच्यात पाचनईचा पेंढा भरतात.